दुसरा कप

इंदूबाई गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार कोणता आला, हे सांगायची मला लाज वाटते. पण तो सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही. बदनापूरच्या घरी मी तांदूळ निवडत बसले होते. आष्टीहून त्यांच्या घरमालकीण गयाबाई बोलत होत्या. "बाई, तुमच्या मैत्रीण गेल्या. सकाळी दार वाजवलं तर उठल्याच न्हाईत," एवढं बोलून त्या रडायला लागल्या. रिसीव्हर कानाला लावून मी तशीच उभी राहिले आणि मनात आलं, अरेरे... म्हणजे राहिलंच. शेवटपर्यंत फिटलं नाही बिचारीचं. माणूस गेल्याचं दुःख मागून आलं, आधी आलं ते त्यांचं देणं. सव्वीस वर्षं मी ज्या बाईला मैत्रीण म्हणत आले, तिच्याबद्दल मला पहिल्यांदा आठवावं ते हे. त्या असत्या तर हसल्या असत्या म्हणा. "माझी वळख तीच हाय," असंही म्हणाल्या असत्या.

आमची ओळख आष्टीच्या शाळेतली. मी नोकरीला लागून वर्ष झालं होतं, जालना जिल्हा नुकताच झाला होता, आणि इंदूबाई माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठ्या, चौथीच्या वर्गशिक्षिका. त्यांचे यजमान दत्तूभाऊ यांचं गावात सायकलचं दुकान होतं. भाड्यानं सायकली द्यायचे, पंक्चर काढायचे, नव्या सायकली जालन्याहून आणून विकायचे. हसरा, दिलदार माणूस. ज्याला पाहिजे त्याला उधार द्यायचा आणि ज्याच्याकडून मिळेल त्याच्याकडून उधार घ्यायचा. स्टँडजवळ पक्कं दुकान बांधायला काढलं होतं, भिंती खिडकीपर्यंत आल्या होत्या. त्याच वर्षी दत्तूभाऊ शहागडला एका लग्नाला गेले आणि येताना रस्त्यावर ट्रकनं उडवलं. मूलबाळ नव्हतं. इंदूबाई तेव्हा छत्तीस वर्षांच्या होत्या.

आमच्या भागात एक रीत आहे. तेराव्याचं जेवण झालं की घरातला कर्ता पुरुष लोकांसमोर हात जोडून उभा राहतो आणि म्हणतो, गेलेल्या माणसाकडं कुणाचं काही येणं असेल तर आजच सांगा. त्या दिवशी सांगितलं ते घरानं मानायचं, न सांगितलं ते सोडलं असं समजायचं. पण खरं सांगायचं तर ते नुसतं विचारायचं असतं. लोक मान खाली घालून "काही न्हाई, काही न्हाई" म्हणतात, सुपारी उचलतात आणि चपला शोधायला लागतात. ज्याला मागायचंच असतं तो महिना-दोन महिन्यांनी गुपचूप घरी येतो आणि मग घासाघीस होते. दत्तूभाऊंच्या तेराव्याला त्यांच्या थोरल्या भावानं असंच हात जोडून विचारलं. लोक असेच गप्प बसले. सुपारीचं ताट फिरायला लागलं. मी शाळेतल्या बायकांबरोबर आतल्या खोलीत बसले होते. तेवढ्यात दाराकडून आवाज आला. इंदूबाई उठून दाराआड जाऊन उभ्या राहिल्या होत्या. "आसं नका करू," त्या म्हणाल्या. "ते गेले तरी मी हाय. ज्याचं आसंल त्यानं खरंच सांगा."

बाईमाणसानं त्या बैठकीत बोलायचं नसतं. मागून एका म्हातारीनं त्यांचा पदर ओढला. बाहेर इतकी शांतता झाली की सुपारीचं ताट खाली ठेवल्याचा आवाज आत ऐकू आला. मग एक सुतार चाचरत म्हणाला, "वैनी, माझे दोनशे हायेत. पण घाई न्हाई." तो बोलला आणि दुसरा बोलला, मग तिसरा. कुणाचे विटांचे, कुणाचे हातउसने, कुणाचे दुकानाच्या बांधकामाला दिलेले. शेवटी जालन्याचे करीमभाई उठले. सायकलींचा माल तेच पुरवायचे. खाली बघत, जणू आपणच गुन्हा केलाय अशा आवाजात त्यांनी आकडा सांगितला. तो सगळ्यात मोठा होता. एकूण अकरा माणसं बोलली. बेरीज झाली ती इंदूबाईंच्या आठ वर्षांच्या पगाराएवढी. लोक गेल्यावर थोरल्या दिरांनी सगळ्यांसमोर निकाल दिला, "तू इचारलं, तू फेड." अर्धवट बांधलेलं दुकान आणि जागा दिरांच्याच नावावर होती, ती त्यांनी ठेवून घेतली. इंदूबाईंनी वाद घातला नाही. मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता. झाकली मूठ राहू द्यायची होती, कुणी सांगितला होता हा शहाणपणा? आजही कधीकधी येतो तो राग, पण आता तो कुणावर काढायचा ते समजत नाही.

महिन्याभरात त्यांनी घर सोडलं आणि गयाबाईंच्या वाड्याच्या बाहेरच्या अंगाला एक खोली घेतली. गयाबाईंचं घर धनगराचं, दारात पाच-सहा शेळ्या. खोलीला शेळ्यांचा वास यायचा म्हणून भाडं कमी होतं. संसाराची भांडी त्यांनी मोडीत घातली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा बघितलं तर फळीवर एक ताट, एक वाटी, एक तांब्या, एक पातेलं, एक कप. मी म्हटलं, "इंदूबाई, हे काय, सगळं एकेकच?" तर म्हणाल्या, "दुसरं ठिवलं की दुसरं माणूस येतं." खालच्या फळीवर खडूचे रिकामे पुठ्ठ्याचे डबे ओळीनं मांडलेले होते, बरोबर अकरा. शाळेत खडू संपले की डबा टाकून द्यायचा नाही, त्या घरी न्यायच्या, ते कशासाठी ते मला तेव्हा कळलं. पगार झाला की त्या खोलीचं दार लावून घ्यायच्या आणि आधी त्या अकरा डब्यांत ठरल्याप्रमाणे नोटा टाकायच्या. उरेल त्यात महिना. उलटं कधीच नाही. "आधी खर्चा करून उरलेलं टाकायचं म्हटलं तर उरतच न्हाई, शैलाबाई. करून बघा," असं मला म्हणायच्या. मी कशाला करून बघते. मी हप्त्यानं साड्या घेणारी बाई.

त्यांची काटकसर ऐकून लोक हसत, आणि हसण्यासारखी होतीच ती. स्वयंपाक एकदाच, सकाळी. रॉकेलच्या स्टोव्हवर आधी भात, तो उतरवला की त्याच ज्योतीवर वरण, मग तवा. स्टोव्ह एकदा पेटला की मध्ये रिकामा राहायचा नाही. उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर त्या पाठाचं टाचण काढायच्या. साडी विरली की ती मधून फाडून कडा जोडायच्या, तीही विरली की उशीची खोळ, मग पायपुसणं. उधारीवर काडेपेटीसुद्धा नाही. साखर बंद, गूळ घालून कोरा चहा, कारण गुळानं दूध फाटतं आणि दूध घ्यायचं नव्हतंच. शाळेत मधल्या सुट्टीत आम्ही सगळे वर्गणी काढून चहा मागवायचो. पहिल्याच महिन्यात त्यांनी सांगितलं, "माझा धरू नका." चहा आला की त्या खिडकीपाशी जाऊन वह्या तपासायच्या. कुणी आग्रह केला तर म्हणायच्या, "पाणी चालंल. पाण्याची फेड नसती." संक्रांतीला शाळेतल्या बायका एकमेकींकडं हळदीकुंकवाला जायच्या, विधवेला कोण बोलावतंय तेव्हा. मला त्याचं वाईट वाटायचं. त्या मात्र म्हणाल्या, "बरं झालं की. एक खर्चा वाचला." आणि हसल्या. मीही हसले. त्या रात्री मला झोप आली नव्हती, एवढं आठवतं.

एकदा एका रविवारी मी सहज त्यांच्याकडे गेले, सुरुवातीचेच महिने असतील. त्यांनी स्टोव्ह पेटवला, गुळाचा चहा केला, आपल्या एकुलत्या कपात मला दिला आणि स्वतः वाटीत घेतला. मी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. मी बोलायला घाई करणारी, विचार करायला नाही. म्हटलं, "अगं बाई, हा गुळाचा चहा काही माझ्या घशाखाली उतरत नाही. मला तीन चमचे साखर लागते." वर हसलेसुद्धा. इंदूबाईंनी माझा कप घेतला, चहा वाटीत ओतला आणि स्वतः प्यायल्या, वाया जायला नको म्हणून. घरी आल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या दिवशी शाळेत मी माफी मागायला गेले तर म्हणाल्या, "तुमचं बराबर हाय. पाव्हण्याला असला चहा देऊ नई. ज्या दिवशी माझ्याकडं दुसरा कप आन् साखर आसंल, त्या दिवशी मी सोताहून इचारीन. तवर मी इचारणार न्हाई, तुम्ही मागू नका." त्यात राग नव्हता. ठरवून टाकल्यासारखं म्हणाल्या, जसं डब्यांचं ठरवलं होतं तसं.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. त्यांच्या दारात पाऊल टाकता टाकताच म्हणायचं, "आत्ताच घेऊन आले बरं का." आपल्याकडं हे वाक्य सगळेच म्हणतात. भूक लागलेली असते, घसा कोरडा असतो, तरी समोरच्याला त्रास नको म्हणून आत्ताच घेऊन आले. मी ते त्यांना अवघडायला होऊ नये म्हणून म्हणायची आणि मनातल्या मनात स्वतःच्या समजूतदारपणावर खूश व्हायची. त्या नुसती मान हलवायच्या. मग आम्ही गप्पा मारायचो. खरं म्हणजे मी मारायची, त्या ऐकायच्या, आणि मध्येच एखादं वाक्य असं बोलायच्या की ते मी घरी नेऊन नवऱ्याला सांगायची.

काटकसर पैशांची करता करता माणसांचीही होते, हे मी त्यांच्याकडं बघून शिकले. लग्नाला गेलं की आहेर आला, म्हणून त्या लग्नांना जाईनात. दोन-तीन वर्षांत लोक पत्रिका देईनासे झाले. कुणाकडं जेवलं की त्यांना जेवायला बोलवावं लागतं, म्हणून जेवणं बंद. त्या माहेरीसुद्धा जाईनात, कारण भाचरांच्या हातावर काय ठेवणार? शाळेत जाताना बाजारातला सरळ रस्ता सोडून ओढ्याकडून वळसा घालून जायच्या, पावसाळ्यात तिथं घोट्याएवढा चिखल. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "बाजारातनं गेलं की सगळे नमस्कार करतेत. मागत कुणीच न्हाई, चांगली माणसं हायेत. पण मी दिसले की त्यांना आठवतं. कशाला आठवण करून द्या?" गावात त्यांना चिंगूस बाई म्हणायचे. ज्यांना महिन्याच्या महिन्याला घरपोच पैसे मिळत होते तेही म्हणायचे.

एकदा मात्र आमचं भांडण झालं. शिक्षिकांची भिशी मी चालवायची. इंदूबाई तिच्यात नव्हत्या. त्या वर्षी माझा नंबर लागला, बरीच रक्कम हातात आली. मी कानातले करणार होते, पण वाटलं, कानातले काय पळून जातायत? त्यांच्या अकरापैकी चार लहान देणी त्या पैशात एकदम फिटली असती. मी पैसे रुमालात बांधून त्यांच्या खोलीवर गेले आणि समोर ठेवले. म्हटलं, जमेल तसे द्या, नाही दिले तरी चालतील. इंदूबाईंनी रुमालाला हात लावला नाही. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला वाटलं काहीतरी घाण आणून ठेवलीय मी. "अकरा जणांच्या तोंडाकडं बघून मला बोलता येत न्हाई, शैलाबाई," त्या म्हणाल्या. "गावात तुम्ही एकल्याच हाव ज्यांचं मला काही देणं न्हाई. तुमच्यासंगं तरी बोलू द्या." मी रागानं रुमाल उचलला आणि निघून आले. पंधरा दिवस बोलले नाही. कानातले केले. नंतर आपणच जाऊन बसले त्यांच्या दारात आणि म्हटलं, आत्ताच घेऊन आले.

दर दिवाळीच्या सुट्टीत त्या करीमभाईंचे पैसे द्यायला जालन्याला जायच्या. एका वर्षी मीही सोबत गेले, मला खरेदी करायची होती. करीमभाईंनी समोरच्या हॉटेलातून आम्हा दोघींसाठी चहा मागवला आणि पैसे मोजून झाल्यावर म्हणाले, "बहनजी, बस झालं. आधा माफ. दिल से बोल राह्यलो." मी टेबलाखालून इंदूबाईंचा हात दाबला. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाई, तेराव्याला बोलले नसते तर सोडलं म्हणून मी मानलं आसतं. त्या दिवशी तुम्ही बोलले. आता सगळं घ्या." करीमभाईंनी कपाळाला हात लावला. इंदूबाईंचा चहा तसाच समोर निवत राहिला. शेवटी दोन्ही कप मी प्यायले. परतूरपर्यंत गाडीत त्या माझी चेष्टा करत होत्या की शैलाबाईंनी दुकानदाराला बराबर तोटा दिला.

एकोणनव्वदला माझी बदली झाली. नवरा बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात कारकून म्हणून लागला होता, आम्ही तिथंच स्थायिक झालो. मुलं, त्यांच्या शाळा, प्लॉटचं कर्ज... माझंही डोकं महिन्याच्या हप्त्यात अडकलं आणि खोटं कशाला बोलू, अकरा डबे मला फार वेळा आठवले. मी खडूचे डबे नाही ठेवले, पण आधी हप्ता, मग महिना, एवढं त्यांच्याकडून घेतलं. वर्षातून एकदा, कधी दोनदा आष्टीला जायची. रेल्वेनं परतूर, तिथून बस, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत, म्हणजे हातात तास-दीड तास. डब्यांची ओळ दरवेळी लहान झालेली दिसायची. फिटलेला डबा त्या दुसऱ्या कामाला घ्यायच्या. एकात सुईदोरा, एकात काडेपेट्या, एकात मोहरी. किती राहिले, असं मी कधी विचारलं नाही. विचारणं म्हणजे मागण्यासारखंच वाटायचं. पुढं पुढं मी त्या फळीकडं बघायचंही टाळायला लागले.

अशाच एका भेटीत, दिवाळीनंतरचे दिवस होते, मी दारात शिरले आणि सवयीनं तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "शैलाबाई, चहा टाकू?" त्या स्टोव्हपाशी उभ्या होत्या, हातात काडेपेटी. मी म्हटलं, "छे, छे, आत्ताच स्टँडवर घेऊन आले." त्या काडेपेटी हातात धरून थोडा वेळ उभ्याच राहिल्या. "बसा की जरा," म्हणाल्या. "आज गाडी चुकली तर चुकू द्या." मी हसून म्हटलं, "मग रात्रभर परतूरच्या फलाटावर बसू का?" आणि मुलाच्या कॉलेजच्या फीचं काहीतरी सांगायला लागले. त्यांनी काडेपेटी डब्यात ठेवली आणि ऐकत बसल्या. निघताना ओढ्यापर्यंत सोडायला आल्या. एवढंच. सोळा-सतरा वर्षांत त्यांनी तो प्रश्न मला पहिल्यांदाच विचारला होता, आणि माझ्या लक्षातही आलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. मला वाटायचं, एकटं माणूस, वय झालंय, बोलायचं म्हणून बोलतंय. मी दरवेळी तेच उत्तर दिलं. खर्चात नको पाडायला बिचारीला, असं वाटायचं. त्या रिटायर झाल्यावर तर जास्तच वाटायचं.

तेराव्याला मी आष्टीला गेले. थोरले दीर केव्हाच वारले होते, त्यांच्या मुलानं काकूचं सगळं रीतीनं केलं. तोच तो वाडा, त्याच बैठकीत जेवणं झाली. मी आतल्या खोलीत बसले होते, पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी बसले होते जवळजवळ तिथंच. पुतण्या हात जोडून उभा राहिला. "आमच्या काकूकडं कुणाचं काही येणं आसंल तर आजच सांगावं." लोक गप्प बसले. आता कोण बोलतो आणि किती सांगतो... मी पर्स घट्ट धरून बसले होते. येताना बँकेतून थोडे पैसे काढून आणले होते, हे कुणाला माहीत नव्हतं. तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारा उठला. करीमभाई. ऐंशीच्या पुढचे, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून उभे. "बेटा, कुणाचंच काही न्हाई," ते म्हणाले. "अकरा जणांत मी आखरी होतो. बहनजीनं माझा हिसाब नऊ साल पहिले खतम केला. ब्याजसमेत."

मी उठून बाहेर गेले. बाईमाणसानं जायचं नसतं, पण गेले. करीमभाईंना मी कोण ते सांगितलं, त्यांना ते दोन चहा आठवत होते. म्हटलं, "नऊ वर्षं? नक्की?" ते म्हणाले, "बिलकुल. दिवाळीचे दिन होते. आखरी पैसे दिले, पदरानं तोंड पुसलं, आन् म्हणल्या, भाई, आता चाय मागवा. सोताहून मागितला. दो कप पिल्या. म्हणल्या, एक माझा, एक शैलाबाईंच्या वाट्याचा."

मग मी गयाबाईंबरोबर त्या खोलीत गेले. शेळ्या आता दोनच राहिल्या होत्या. फळीवर खडूचे अकरा डबे होते, सगळे दुसऱ्या कामाला लागलेले. वरच्या फळीवर ताट एक, वाटी एक, तांब्या एक. कान तुटलेला तोच जुना कप. आणि त्याच्या शेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. गयाबाईंनी ते उलगडलं. नवा कप होता, बशीसकट, निळ्या फुलांचा. कागद पिवळा पडून तुकडे पडत होते. "मी संगंच होते घ्यायला, आठवडी बाजारात," गयाबाई म्हणाल्या. "दुकानदार म्हणं सहाचा सेट घ्या, एकटा देत न्हाई. ह्या हटूनच बसल्या. म्हणल्या, मला एकच पायजे. माझ्याकडं येणारं माणूस एकच हाय, सहा कुणाला देऊ? जास्तीचा पैसा दिला पर एकच आणला." मग त्यांनी झाकणाचा एक डबा काढून दाखवला. साखर होती, मोकळी, पांढरीशुभ्र. "सोता मरस्तोवर गुळाचाच पित होत्या. पर साखर घरात पायजेच. पावसाळ्यात खडे झाले की जुनी मला द्यायच्या आन् ताजी आणायच्या. मी म्हणायचे, बाई, कुणासाठी हो? तर म्हणायच्या, गाडीची घाई आसती त्यांना, ऐन वक्ताला धावपळ नको."

मी खाली बसले. नऊ वर्षांत मी किती वेळा आले असेन ते आठवत राहिले. तेरा की चौदा वेळा. तेवढ्या वेळा त्यांनी विचारलं असेल. फिटलं, असं त्या तोंडानं कधीच म्हणाल्या नाहीत, आणि का म्हणतील? पहिल्या वर्षीच सांगून ठेवलं होतं मला की विचारीन तेव्हा समजा. त्यांनी शब्द पाळला. मी ऐकलं नाही. त्यांना सगळ्या गावाचं देऊन झालं, बाजाराच्या रस्त्यानं जाता येऊ लागलं, आणि सुरुवात करायला त्यांनी एकच माणूस निवडलं होतं. ते माणूस दरवेळी दारातूनच पोट भरून येत होतं.

गयाबाईंना माझ्या तोंडाकडं बघून काय वाटलं कोण जाणे, त्यांनी स्टोव्ह पेटवला. घरून शेळीचं दूध आणलं. निळ्या फुलांचा कप त्यांनी धुतला, पुसला. "बाई, घेता ना घोटभर?" त्यांनी विचारलं. माझ्या तोंडात ते वाक्य आलंच होतं, जिभेला वळणच तसं पडलंय. मी ते गिळलं. "टाका," म्हटलं.

चार वर्षं झाली, मला साखरेचा आजार आहे. घरी सून माझा चहा वेगळा करते, बिनसाखरेचा. इंदूबाईंना हे मी कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडं चहाच घेत नव्हते तर सांगायचा विषय निघणार कसा? त्या आपल्या साखर बदलत राहिल्या.

"किती घालू?" गयाबाई चमचा हातात घेऊन विचारत होत्या.

"तीन," मी म्हटलं. आणि सगळा प्यायले, खाली साखर राहिली होती तीसुद्धा बोटानं पुसून. संध्याकाळची गाडी त्या दिवशी चुकली.